खाऱ्या वाळूतला डबा

डबा हलका लागला. मागच्या पडवीतल्या खड्ड्यात वाकून मी वाळू बाजूला सारली, वरच्या तारेच्या कडीत बोटे अडकवली आणि भरल्या डब्याला लागतो तेवढा जोर लावून ओढले, तर तो इतक्या सहज वर आला की मीच मागे भिंतीवर आपटलो. पाठीला जांभ्याचा दगड खरचटला. डबा मांडीवर होता आणि त्यातून काहीच हिंदकळत नव्हते. कानाशी धरून हलवला तरी आवाज नाही. उलटा केला तेव्हा दिसले, तळाच्या एका कोपऱ्यात पत्रा लाल होऊन चाळणीसारखा झाला होता. बोट लावले तर भुगा खाली पडला. खड्ड्यातली वाळू नाकाजवळ नेली. तिला रॉकेलचा वास होता, पण तोही जुना, विटलेला. चार गॅलन रॉकेल वाळूने आणि वाळूखालच्या जांभ्याने पिऊन टाकले होते, आणि मी गेले दोन महिने रोज त्या खड्ड्यावरच्या फळीकडे बघून मनात म्हणत आलो होतो की, चला, तो एक आहे.

श्रावण लागून आठवडा झाला होता. दुपारचे चार वाजले असतील. मुंबईच्या आगबोटी वैशाखातच बंद झालेल्या, त्या सुरू व्हायला अजून महिना होता. घाटात दरड कोसळल्यामुळे कोल्हापूरकडून येणाऱ्या गाड्याही अडकल्या होत्या, आणि बाजारात रॉकेल मागायला जावे तर दुकानदार हसत असे. रोज घटकाभरच लावून पुरवत आणलेल्या आमच्या कंदिलाच्या टाकीत आता अर्ध्या रात्रीपुरते तेल असेल. एवढे सगळे मी डबा मांडीवर घेऊन हिशेबासारखे मनात मांडले, आणि मग लक्षात आले की अंधाराची भीती ही त्यातली लहान गोष्ट आहे. मोठी गोष्ट मनात यायला दारात उभी होती आणि मी तिला आत घेत नव्हतो.

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. ज्वलनाला प्राणवायू लागतो, वाळू टाकली की तो तुटतो, आग विझते, हे मी इतक्या वर्गांना सांगितले आहे की झोपेतही सांगेन. आमच्या कोकणात पावसाळ्याआधी चार महिन्यांचे सामान घरात भरतात, त्याला आगोटीची बेगमी म्हणतात. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, सांडगे, लाकडे, शेणी आणि हल्ली रॉकेल. यंदा, छत्तीस सालच्या वैशाखात आमच्या आळीतल्या एका घरात चुलीशेजारी ठेवलेल्या डब्याने पेट घेतला. माणसे वाचली, घर गेले. तेव्हा वाचनालयाच्या मंडळींनी मला गाठले आणि म्हणाली, मास्तर, तुम्ही याविषयी चार शब्द सांगा. मी चार कसले, चारशे सांगितले. डबा चुलीपासून किमान दहा हात दूर हवा. जमिनीवर टेकवू नका, पावसाळ्यात जमीन घाम धरते, खाली फणसाची फळी द्या. लाकडांच्या राशीजवळ नको. ओतताना जवळ दिवा नको, दिवसाउजेडी ओता. जवळ वाळूची पाटी असू द्या, पाणी मारू नका, पाण्यावर रॉकेल तरंगते आणि आग पसरते. लोक माना डोलवत होते. पोस्टमास्तरांनी तर टिपून घेतले. शेवटी टाळ्या येतील अशा बेताने मी म्हणालो, एका घरातला साठा हा साऱ्या आळीचा साठा समजा. टाळ्या आल्या. ते वाक्य मी आदल्या दिवशी आंघोळ करताना जुळवले होते.

मी दोन डबे घेतले. एक पुढच्या पडवीत, फळीवर, सगळ्यांना दिसेल असा. दुसरा या खड्ड्यात. बायकोला, आनंदीला, सांगितले की जमिनीत पुरलेला डबा सर्वांत सुरक्षित, भोवती वाळू, आग लागली तरी आत शिरणार नाही. ते खोटे नव्हते. पण खरे एवढेच होते का? पुढच्या पडवीतला डबा मागणाऱ्यांसाठी होता आणि खड्ड्यातला माझ्यासाठी. पहिल्यातून अर्धी बाटली, पाव बाटली देत जायचे, लोकांत चांगले म्हणवून घ्यायचे, आणि तो संपला की हात वर करून सांगायचे, संपला हो. ही गोष्ट मी स्वतःलाही कधी एवढ्या उघड शब्दांत सांगितली नव्हती. आज डबा रिकामा झाल्यावर शब्द मोकळे झाले.

वाळू आवडाबाईने आणून दिली होती. आमच्या आळीच्या टोकाला, खाडीच्या काठाला तिचे घर. तिचा नवरा भागोजी तेव्हा भाट्याच्या खाडीवर होडी चालवायचा, इकडची माणसे तिकडे आणि तिकडची इकडे. आवडाबाई मासळी विकते, आणि कुणाचे काही ओझे असले तर तेही वाहते. मी तिला किनाऱ्यावरची वाळू आणायला सांगितली. तिने पहिली पाटी खड्ड्याशी उतरवली, पदराने तोंड पुसले आणि विचारले, "मास्तर, यात काय ठेवनार?"

"रॉकेलचा डबा."

"मंग ही नको. ही खारी हाय. पत्रा खाईल. भागोजी चांदेराईला जाताय परवा, नदीची गोडी वाळू आनील होडीतून."

मी हसलो. ते हसू मला आता चेहऱ्यावर जसेच्या तसे जाणवते आहे, गालांचे स्नायू तसेच ताणले जातात. मी तिला म्हणालो, "आवडाबाई, वाळू ती वाळू. आग विझवायला खारी काय आणि गोडी काय." आणि मग तिला प्राणवायू समजावून सांगितला. ती ऐकून घेत उभी राहिली. डोक्यावर रिकामी पाटी, एक हात कमरेवर. सगळे ऐकून म्हणाली, "तुमी शिकलेली मानसं," आणि उरलेल्या सात पाट्या आणून टाकल्या. खिळा खाऱ्या पाण्यात महिन्यात कसा गंजतो, तो प्रयोग मी दर वर्षी सहावीच्या वर्गाला करून दाखवतो. बाटलीत पाणी, मीठ आणि खिळा. मुले वहीत चित्र काढतात. ज्या दिवशी आठ पाट्या खारी वाळू मी खड्ड्यात ओतून घेतली, त्याच आठवड्यात त्या बाटल्या धुऊन शाळेच्या कपाटात ठेवल्या होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

मला अंधाराची भीती वाटते हे कुणाला सांगण्यासारखे नाही, पण त्याचे कारण आहे. मी आठ वर्षांचा असताना आम्ही लांज्याला राहत होतो. त्या वर्षीही असाच पाऊस आणि असाच तुटवडा. शेजारी एक बाई बाळंत होत होती म्हणून वडिलांनी आमच्या घरातली शेवटची बाटली उचलून तिकडे दिली. तिसऱ्या दिवशी पहाटे माझी सगुणा आत्या पाणी प्यायला उठली आणि अंधारात तिचा पाय फुरशावर पडला. विष चढायला तीन दिवस लागले. हिरड्यांतून रक्त येत होते आणि ती मला म्हणत होती, तू इकडे येऊ नको, बाहेर खेळ. वडिलांनी त्या बाटलीचा उल्लेख पुढे जन्मभर केला नाही. शेजारच्या बाईचा मुलगा मात्र आमच्या डोळ्यांसमोर मोठा झाला, आणि तो रस्त्यात दिसला की वडील त्याच्या डोक्यावर हात ठेवत. मला तो हात कधी समजला नाही. मी एवढेच शिकलो की शेवटची बाटली द्यायची नसते. माणूस आपल्याला हवे तेच शिकतो, आणि नंतर म्हणतो, आयुष्याने शिकवले.

आषाढातली ती संध्याकाळ. पाऊस दिवसभर कोसळून जरा ओसरला होता आणि वारा मात्र पिसाटला होता. पुढच्या पडवीतला डबा संपून चार दिवस झाले होते, आणि मी ते आळीभर सांगून ठेवले होते. आनंदी देवाजवळ दिवा लावत होती. दारात आवडाबाई आली. डोक्यावर इरले, हातात रिकामा कंदील. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"मास्तर, जरा घासलेट द्या वो. अर्धी बाटली. पाव असली तरी चालंल. भागोजी पलीकडं अडकलाय आनि पानी चढलाय. धक्क्याच्या खडपावर कंदील टांगल्याबिगर त्याला वाट गावायची नाय."

"घरी तुझ्याकडे उंडीचं तेल असेल ना?"

"त्या कडू तेलाचा दिवा वाऱ्यात टिकताय कवा? आनि कंदिलात ते चढत नाय."

हे मला ठाऊक होते. उंडीच्या बियांचे हे तेल घट्ट असते, कंदिलाच्या वातीतून वर चढत नाही, हेही मी वर्गात शिकवतो. मला फक्त वेळ हवा होता. तिला 'नाही' म्हणता येत नव्हते, कारण खड्ड्यातल्या डब्याची वाळू तिनेच वाहिली होती. साऱ्या आळीत तो डबा माहीत असलेले ते एकच माणूस. मी तिच्या हातातल्या कंदिलाकडे बघत होतो. काच स्वच्छ पुसलेली होती. मला सगुणा आत्याच्या हिरड्या दिसत होत्या, असे म्हणून मी सुटू शकतो, पण तसे नव्हते. मला श्रावण आणि भाद्रपद दिसत होते, फोडलेला डबा दिसत होता, आणि एकदा फोडल्यावर तिच्या मागून येणारी सारी आळी दिसत होती. तेवढ्यात आतून घंटेचा बारीक आवाज आला आणि मला वाट सापडली.

"आवडाबाई," मी म्हणालो, "दिवेलागण झाली. तिन्हीसांजेला तेल घराबाहेर देत नाहीत आमच्यात."

आमच्या घरात हे मानते ती आनंदी. तिन्हीसांजेला तेल देऊ नये, मीठ देऊ नये, दूध-दही देऊ नये, केर बाहेर टाकू नये, लक्ष्मी जाते. लग्न झाल्यापासून बारा वर्षे मी तिची यावरून थट्टा करत आलो. लक्ष्मीला काय घड्याळ कळते का, दुपारी दिलेल्या तेलाबरोबर ती जात नाही का, वगैरे. शाळेत मी अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेतो. आणि ते वाक्य माझ्या तोंडातून असे सहज, असे गंभीरपणे निघाले की जणू माझ्या सात पिढ्या तेच पाळत आल्या होत्या. आवडाबाईने एकदा मावळतीकडे पाहिले. मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरे झाले असते. तिला ते पटले होते.

"व्हय," ती म्हणाली. "मला उशीरच झाला." मग वळता वळता थांबली. "पन वास सुटलाय, मास्तर. मागल्या अंगानं. डबा बगून घ्या."

मला वाटले, ती टोमणा मारते आहे. डबा आहे हे मला माहीत आहे, असे सुचवते आहे. कानशिले तापली. मी म्हणालो, "बघतो," आणि दार लावले. बघितले मात्र नाही. बघायला गेलो असतो तर डबा आहे हे कबूल केल्यासारखे झाले असते, निदान स्वतःशी. त्या दिवशी गेलो असतो तर पाऊण डबा तरी वाचला असता. तिला बाटली भरून द्यायला खड्ड्याशी गेलो असतो तर भोक दिसले असते, आणि मी उरलेले रॉकेल दुसऱ्या डब्यात काढून ठेवले असते. मी वाचवले ते वाळूने प्यायले. दार लावून वळलो तेव्हा माजघराच्या दारात आनंदी उभी होती, हातात निरांजन. तिने सगळे ऐकले होते.  त्या दिवसापासून तिने माझ्यासमोर 'आत्ता नको, तिन्हीसांज आहे' हे शब्द कधी उच्चारले नाहीत. पाळते अजून, पण मुकाट्याने, माझ्यापासून लपवून. बारा वर्षांच्या थट्टेने जे झाले नव्हते ते माझ्या एका वाक्याने झाले.

आवडाबाईने त्या संध्याकाळी खडपावर, धक्क्यालगतच्या त्या खडकावर, चूड पेटवली. नारळाच्या सुक्या झावळ्यांची चूड पावसाळी वाऱ्यात किती टिकणार? एक विझली, दुसरी विझली, आणि तिसरी पेटेपर्यंत होडी धक्क्याऐवजी खडपाकडे वळली होती. भागोजीने खडपाला पाय लावून होडी ढकलली, आणि पाय मध्ये सापडला. माणूस जिवानिशी वाचला. हाडवैद्याने पाय बांधला, तो वाकडाच बसला. आता होडी त्याचा चुलतभाऊ चालवतो आणि भागोजी अंगणात बसून जाळी विणतो.

मी समाचाराला गेलो होतो. जाणार नाही असे ठरवून गेलो. भागोजी खाटेवर होता, पाय पट्ट्यांत. मी नेलेला नारळ कोपऱ्यात ठेवला. चार-सहा माणसे बसलेली होती आणि कुणीतरी विचारले, अगो पण आळीत कुणाकडे घासलेट नव्हते काय? आवडाबाई चहा गाळत होती. वर न बघता म्हणाली, "मास्तरांकडं गेलंतं मी. पन सांज झालेली. त्यांच्या घरचा रिवाज. कुनाच्या घरची लक्ष्मी का बाहेर काढायची?" सगळ्यांनी माना डोलावल्या. अगदी वाचनालयातल्यासारख्या. भागोजी म्हणाला, "बरोबर हाय." मी तो चहा प्यायलो. गूळ जास्त पडला होता, आणि मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो, कारण कप खाली ठेवला असता तर काहीतरी बोलावे लागले असते. त्यानंतर रस्त्यात लोक मला थोड्या जास्त आदराने नमस्कार करतात असे वाटू लागले. शिकलेला असून घरचे वळण सोडले नाही, म्हणत असतील. माझ्या नावावर हे एक पुण्य जमा झाले होते, आणि ते नाकारायला मला तोंड नव्हते.

"आलंव काय वो मागनं?"

मी दचकलो. मागच्या अंगणातून आवडाबाई येत होती. हातात चिंध्यांचे बूच लावलेली बाटली, आत हिरवट काळे तेल. मला डबा लपवायचा होता. मी खरोखरच तो पाठीमागे सरकवला, शाळेत पोरे चिंचा सरकवतात तसा, पण चार गॅलनचा डबा कुठे लपणार? ती खड्ड्याशी येऊन उभी राहिली. तिने वाळू पाहिली, डबा पाहिला, त्याचा लाल कोपरा पाहिला.

"खाल्ला ना पत्रा," ती म्हणाली. त्यात मी जिंकले असे काही नव्हते. भात करपला ना, असे म्हणावे तसे.

"खाल्ला," मी म्हणालो.

"आनंदीवैनी पान्यावर बोलल्या, कंदिलात तेल संपत आलाय. म्हनून ह्या आनला. माज्या म्हायेरचा हाय, काळबादेवीचा. पनतीत घाला, वास येईल कडू, पन उजेड पडंल." मग आभाळाकडे बघून तिने बाटली पुढे केली. "दिस असतानाच आनलाय मुद्दाम. तुमच्यात सांजेला तेलाची देवघेव नाय ना."

हात पुढे करावा की नाही मला कळेना. ती एवढ्या विचाराने, माझ्या खोट्याला जपत, उन्हे असताना धावत आली होती. मी गप्प बसलो असतो तर सगळे जिथल्या तिथे राहिले असते. तिच्या मनात मी वळणाचा माणूस होतो, भागोजीचा पाय नशिबाचा होता, आणि वाळू खारी होती. कुणाचे काही बिघडत नव्हते. आणि नेमके तेच मला सोसेना. एखादे मोठे धैर्य आले असे नाही, ओकारी येते तसे आले.

"आवडाबाई, आमच्यात तसं काही नाही. मी नाही मानत. त्या दिवशी डबा भरलेला होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. खड्ड्यातून वाऱ्याबरोबर जुना वास वर आला. ती म्हणाली, "मग?"

एवढेच. मग? मग का दिले नाही? मी वाळूत बघत होतो. लांजा, आत्या, फुरसे, श्रावण, भाद्रपद, सगळी कारणे माझ्याकडे होती आणि एकही तिच्यासमोर ठेवण्याजोगे नव्हते. मला वाटले, ती आता बाटली घेऊन जाईल. जावे, अशी माझी इच्छा होती. ती वाकली आणि बाटली माझ्या हातात न देता पायरीवर ठेवली, कलंडू नये म्हणून भिंतीला टेकवून.

"अर्धाच हाय," ती म्हणाली. आवाज निराळा झाला होता. "अर्धा त्याच्या पायाला चोळायला ठेवलाय."

आणि ती आली तशी मागच्या अंगणातून गेली. मास्तर म्हणाली नाही.

दिवेलागणीला आनंदी बाहेर आली तेव्हा मी तिथेच बसलो होतो. तिने डबा पाहिला, बाटली पाहिली. कुणी आणली ते मी सांगितले, आणि ती शेवटी काय म्हणाली तेही सांगितले. आनंदीने बूच काढले, पणतीत चमचाभर तेल घेतले, वात बुडवली आणि बूच पुन्हा घट्ट लावले. देवाजवळ पणती पेटली. कडू धूर घरभर पसरला. मग तिने बाटली आणून माझ्यासमोर धरली.

"उरलेलं परत देऊन या. पायाचं तेल आहे ते."

"आत्ता? तिन्हीसांज झालीय," मी म्हणालो. सवयीने म्हणालो, की जायचे नव्हते म्हणून म्हणालो, मला खरेच ठाऊक नाही.

आनंदी माझ्याकडे बघत राहिली. आवडाबाईने पाहिले होते तसेच.

"मग?" ती म्हणाली.

मी बाटली घेतली आणि चपला घातल्या. भागोजीचे घर आळीच्या टोकाला होते, आणि तो या वेळी अंगणातच बसलेला असतो.